डावा गुडघा

लायडनहून आलेले गृहस्थ वही उघडतात.
विबे, अकरा वर्षं तुम्ही त्याच्या इतक्या जवळ होतात,
सांगा, प्रतिभा म्हणजे नेमकं काय?

जवळ?
मधे ओकच्या फळ्यांची भिंत होती.
तो पुढे, ऑर्गनच्या पट्ट्यांपाशी, मेणबत्तीच्या उजेडात,
मी मागे, उंदरांत,
तीन भात्यांच्या तीन दांड्यांवर आलटून पालटून उभा.
दांडी दाबली की भाता वर चढतो,
मग आपल्याच वजनाने सावकाश खाली बसतो,
त्या बसण्यातून तुमचे सूर.
त्याचं तोंड मी पाहिलं ते रस्त्यात,
त्यात काही विशेष नव्हतं.

पण माझ्या पायांना माणूस कळतो.
त्याच्या आधीचे फोक्को मास्तर वाजवायचे
तेव्हा पाय आपले आपण चालायचे.
जितकी कडवी तितके श्वास, रोखठोक व्यवहार.
मी खुशाल हेरिंगचा विचार करायचो,
कांद्याबरोबर खावा की नुसता.
माइंडर्ट आला आणि माझा हेरिंग गेला.

कधी इतका वारा ओढायचा
की वाटावं, समुद्राचा बांध फुटला.
आणि एकदा
मी दांडी सोडून उभा, तर भाता खालीच येईना.
भरलेला. तसाच.
वाटलं, गडी उठून गेला.
फटीतून पाहिलं,
दोन्ही हात पट्ट्यांच्या वर, बोटभर अंतरावर,
आणि खाली सगळं गाव
गप्प.
न वाजण्यालाही वारा लागतो,
तो आधी भरून ठेवावा लागतो,
हे मला त्या दिवशी कळलं.
लिहा हवं तर.

(लिहितात.)

हेही लिहा, की अकरा स्टायवर त्याच्याकडे अडकले ते अडकलेच.
की त्याची आफ्के पोटुशी असताना
दलदलीतून पीट वाहून आणायची,
आणि हा घरात बसून
पाणी उकळताना किटली कुठल्या सुरात जाते ते ऐकायचा.

मग त्या कडाक्याच्या थंडीत
एका संध्याकाळी तो भिंतीमागे आला.
“सरक,” म्हणाला.
स्वतः दांड्यांवर चढला,
मी उलट्या बादलीवर बसून बघत राहिलो.
तासभर तुडवलं त्याने. घामाघूम झाला.
उतरताना एवढंच विचारलं, “कुठला?”
मी म्हटलं, “डावा.”
मान हलवली, गेला.

गृहस्थ आता कागद पुढे सरकवतात,
ईस्टरची ती रचना.
इथे बघा, म्हणतात,
हा विराम! कुठल्याच नियमात बसत नाही,
जणू स्वर्गाच्या उंबऱ्यावर आत्मा थबकला आहे.
त्यांचे डोळे भरून आलेत.
मला त्या माशा वाचता येत नाहीत,
पण जागा ओळखतो.
तिसऱ्या भात्यावरून पहिल्यावर यायचं,
सगळा भार डाव्या पायावर,
तिथे आहे ती.

सांगू का यांना?
माया म्हणावी, तर माझे अकरा स्टायवर?
मला वाटतं, त्याने माझा गुडघा
किटलीसारखाच ऐकला.
आहे ना आवाज, मग वाया का घालवा.
तरी खरं सांगतो,
त्या जागी, दर खेपेला,
कुणीतरी बसायला स्टूल दिल्यासारखं व्हायचं.

नवा ऑर्गनवाला चांगला आहे.
शनिवारी पैसे देतो, बायकोला मान देतो.
हेरिंगही परत आलाय.
ती रचना तो कागदाबरहुकूम वाजवतो,
विरामाशी थांबतो, मोजून, काटेकोर.

फक्त, इतक्या वर्षांत गुडघा सरकलाय.
आता तो दोन ठोके आधीच दुखतो.